यंत्राची मागची बाजू

पगारे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच टेबलाखाली. सकाळी ग्रंथालयात शिरलो तर टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत खेळाडू घालतात तसले पांढरे बूट आणि त्यावर निळ्या सुती साडीचा काठ. मी दचकून "कोण आहे?" म्हणालो, तर खालून उलटा प्रश्न आला, "हा पेन ड्राइव्ह कुणाचा?"

"माझा. म्हणजे माझ्या मेव्हण्याचा. जुनी गाणी आहेत त्यात."

"मेव्हणे इथे नोकरीला आहेत?"

"नाही."

"मग त्यांचा पेन ड्राइव्ह कसा काय कामाला लागला?"

एवढं बोलून त्या बाहेर आल्या, साडी झटकली आणि मेलेला उंदीर धरावा तसा तो पेन ड्राइव्ह दोन बोटांत धरून माझ्यापुढे ठेवला. मग स्वतःचं नाव सांगितलं. सुनंदा पगारे, संगणक विभाग. आमच्या महाविद्यालयातले सगळे संगणक, त्यांच्या तारा आणि त्यांच्यापुढे बसणारे आम्ही सगळे, एवढा संसार त्यांच्याकडे नुकताच आला होता. मी इथला ग्रंथपाल. पुस्तकांना वाळवी लागू नये एवढीच आजवर मला काळजी होती.

त्या दिवशी जाता जाता त्यांनी विचारलं, "सर, तुमचा पासवर्ड 'ग्रंथालय' आणि पुढे जन्मसाल, बरोबर ना?" मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला. "माझ्या आधीच्या कॉलेजातले ग्रंथपालही तसंच करायचे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला राग आला तो त्या बरोबर होत्या म्हणून.

आमच्याकडे पासवर्ड म्हणजे निम्मे कुलदैवतांचे आणि निम्मे मुलाबाळांचे. हिशेब विभागातल्या दोन बायकांचा तर एकच होता, कारण एक रजेवर गेली की दुसरीची अडचण नको. मॅडम म्हणायच्या, "चावी पायपुसण्याखाली ठेवायची आणि कुलूप किती भारी म्हणून सांगत सुटायचं." त्यांनी सगळ्यांना एक युक्ती दिली. ज्याचा कशाशी काही संबंध नाही असं एक खुळं वाक्य तयार करायचं आणि ते अख्खंच्या अख्खं पासवर्ड म्हणून वापरायचं. नमुना म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आमच्या म्हशीला चहा चालतो, खारी चालत नाही.' आठवडाभर स्टाफरूममध्ये त्या म्हशीचीच चर्चा. माझंही तसलं एक वाक्य आहे. ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ती ते अजून मनाला लावून घेते.

त्याच सुमारास त्यांनी सगळ्यांकडून एका कागदावर सही घेतली. 'माझा पासवर्ड ही माझी सही आहे. तो वापरून जे होईल त्याची जबाबदारी माझी.' सह्या करताना आम्ही कुरकुरलो. परीक्षा विभागातले दिलीप देवरे तेवढे निमूट सही करून गेले. देवरे मूळचे सटाण्याकडचे. बोलणं कमी, काम नेटकं, आणि डबा एकट्यानेच खायची सवय.

पासवर्डच्या मागे एवढ्या लागलेल्या या बाई पासवर्डवर स्वतः मात्र फारसा विश्वास ठेवत नसत. त्यांचा खरा जीव यंत्राच्या मागच्या बाजूत. गळ्यात छोटी बॅटरी आणि पर्समध्ये दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा. रोज कुठल्या तरी विभागात जाऊन त्या टेबलाखाली वाकत, आरसा आत घालून पाठीमागची एकेक तार बघत. "पुढच्या बाजूला माणूस बसतो. चोर मागे बसतो," असं त्यांचं म्हणणं. दुसरं त्यांचं आवडतं वाक्य, "यंत्र ज्याच्या हातात, ते त्याचं. पासवर्ड गेला उडत."

हे वाक्य आमच्या प्राचार्यांना पटलं नव्हतं. त्यांनी नवा लॅपटॉप घेतला होता आणि भर सभेत सांगितलं, की आपला पासवर्ड वीस अक्षरी आहे, हे मॅडमनी टिपून घ्यावं. मॅडम उठल्या. "सर, तुमची परवानगी असेल तर चहा येईपर्यंत लॅपटॉप माझ्याकडे देता? 'परवानगी दिली' असं सगळ्यांसमोर म्हणा." प्राचार्य हसत म्हणाले, "दिली." मॅडमनी पर्समधून स्वतःचा एक पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉप बंद करून त्या पेन ड्राइव्हवरून चालू केला आणि चहाचे कप फिरायच्या आत पडद्याकडे बघून म्हणाल्या, "सर, 'स्नेहसंमेलन उत्स्फूर्त भाषण, अंतिम प्रत' या नावाची फाइल उघडू का?"

प्राचार्य दरवर्षी स्नेहसंमेलनात कागद न घेता बोलत आणि सुरुवातीलाच सांगत, की आज मी काही ठरवून आलेलो नाही. त्यामुळे सभेत जे व्हायचं ते झालं. हसू आवरायला निम्मे लोक चहात तोंड घालून बसले.

"पण पासवर्ड कसा मोडलात?" प्राचार्यांनी कान लाल झालेले असतानाच विचारलं.

"मोडलाच नाही. मी दाराकडे गेलेच नाही सर, मागची भिंत उघडी होती. आता त्या आतल्या डिस्कलाच कुलूप घालते. मग हे असं कुणाला जमायचं नाही."

आणि त्यांनी घातलंही. प्राचार्य मनाने मोठे. पुढच्या वर्षी त्यांनी कागद हातात धरून भाषण केलं.

लोक मॅडमना टरकत आणि मागे नावंही ठेवत. एकदा मीच न राहवून म्हणालो, "मॅडम, तुम्ही आम्हा सगळ्यांना चोर समजता."

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "सर, माझे वडील नाशिकरोडला छापखान्यात होते. नोटांच्या. रोज सुटताना अंगझडती. बत्तीस-तेहेतीस वर्षं रोज तेच. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची. एकदा मी विचारलं, दादा, तुम्हाला राग नाही येत का? ते म्हणाले, अगं, झडती झाली की मी मोकळा. आत काही कमी भरलं तर माझ्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही. झडती नसलेल्या ठिकाणी काही हरवलं, की पहिलं बोट कुणाकडे जातं ते मला विचार." मग त्या म्हणाल्या, "मी चोर शोधत नाही सर. तुम्हाला मोकळं करते."

छापखान्याच्या कॉलनीत वाढलेली, बुद्धविहाराच्या वाचनालयात अभ्यास करून शिकलेली ही बाई. वडिलांचं 'पहिलं बोट कुणाकडे' म्हणजे काय, ते त्यांनी उलगडून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कळलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मॅडम कुटुंबासह नागपूरला जात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची त्यांची ही रजा कधी चुकली नाही. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा. सगळे संगणक पुसायचे, तारा काढून झाडायच्या, परत जोडायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं, पेढे वाटायचे. त्या दिवशी दारं सगळ्यांना उघडी. शिपाई रामदास मामा ताट घेऊन खोलीखोलीतून फिरत. मॅडमनी त्यांना फक्त एक बजावलं होतं, की कळफलकावर कुंकू लावू नका, बटणांत जातं. तेव्हापासून मामा यंत्राच्या पाठीवर बोट टेकवत. नागपूरहून परतल्यावर मॅडम आपल्या वाटणीचा पेढा मागून घेत. "पूजा तुमची, पेढा सगळ्यांचा," असं म्हणून खात.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे गडबड झाली. काही मुलांचे अंतर्गत गुण बदललेले सापडले. नापास होणारी पास झालेली. बदल कुणाच्या नावाने झाला, ते प्रणालीत स्वच्छ दिसत होतं. दिलीप देवरे. कोणत्या यंत्रावरून झाला, ते त्या जुन्या प्रणालीत दिसायची सोय नव्हती. वेळ जेवणाच्या सुट्टीची. आणि त्या मुलांतला एक नेमका देवऱ्यांच्या गावचा. एवढ्यावर सगळं ठरल्यासारखं झालं.

चौकशी समिती बसली. संस्थेचे सचिव, प्राचार्य, आणि कुठल्याच गटात नसलेला माणूस म्हणून मी. देवऱ्यांची नोकरी जाणार हे उघड होतं, आणि वर पोलिसात तक्रार. घरी दोन मुली शिकत होत्या. सचिवांनी मॅडमना बोलावलं आणि तांत्रिक अभिप्राय मागितला.

मॅडम म्हणाल्या, "नोंद देवऱ्यांच्या नावाची आहे. नियमाप्रमाणे जबाबदारी त्यांची."

देवरे समोरच बसले होते. इतकी वर्षं शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांची घरची अहिराणी तोंडात आली. "पासवर्ड मना शे मॅडम. पण हाई काम मना नही."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अभिप्राय उद्या लिहून देते म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो. व्हरांड्यात त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या.

"सर, परीक्षा विभागात मी शेवटची कधी गेले?"

मला कसं आठवणार?

"उन्हाळ्यात," त्याच म्हणाल्या. त्यानंतर परीक्षा विभागात गोपनीयतेपायी बाहेरच्या कुणाला प्रवेश बंद झाला होता, आणि या बाबतीत मॅडमही बाहेरच्याच. त्यांनी एकदा परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या बघायला येणारा माणूस मात्र जात असे, कारण त्याला गोपनीय काय कळणार, अशी आमची समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्राचार्यांकडून लेखी परवानगी घेतली आणि मला सोबत चला म्हणाल्या. "उद्या कुणी म्हणायला नको, पगारे बाईंनीच ठेवलं." रामदास मामांनी दार उघडलं. मॅडम देवऱ्यांच्या टेबलाखाली शिरल्या. बॅटरीचा उजेड टेबलाखाली इकडून तिकडे फिरला. मग, "सर, खाली या."

माझे गुडघे आणि टेबलाखालची जागा यांचं काही जमेना, पण गेलो. बॅटरीच्या उजेडात त्यांनी आरसा धरला. कळफलकाची तार यंत्राला जिथे जोडलेली असते, तिथे तार आणि यंत्र यांच्यामध्ये नखाएवढा काळा तुकडा होता. मला तो यंत्राचाच भाग वाटला असता. दहा वर्षं समोर असता तरी वाटला असता.

"हे काय आहे?"

"बटण दाबलं की अक्षर या तुकड्यातून पुढे जातं. जाताना हा त्याची नक्कल ठेवतो. पासवर्ड वीस अक्षरी असो नाहीतर म्हशीचा. आणि ज्याने बसवला त्याला परत आत यायलाही नको. खाली आवारात उभं राहून मोबाइलवर वाचता येतं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, बस किती वाजताची आहे ते सांगावं तसा. "पण सर, तुकडा नका बघू. त्याच्यावर काय आहे ते बघा."

काळ्या तुकड्यावर कुंकवाचा वाळलेला ठिपका होता.

दुपारी समिती परत बसली. तुकड्याचा फोटो बघून सचिव म्हणाले, "हे देवऱ्यांनीच काल-परवा आणून लावलं असेल. सुटायला."

मॅडमनी रामदास मामांना आत बोलावलं. मामा पेठ तालुक्यातले, सचिवांपुढे उभं राहायची सवय नाही. ते दाराशीच थांबले. "मला काय ठावं साहेब? मशीनला जे चिकटलेलं दिसतं त्याला बोट लावतो मी. ल्हान हाय म्हणून सोडायचं का त्याला?"

"पुन्हा कधी लावलं का कुंकू?"

"नाय. वर्साला एकदाच."

मॅडम म्हणाल्या, "पूजेच्या दिवशी हे तिथे होतं. गुण बदलले दिवाळीनंतर, आणि देवऱ्यांवर आरोप आला त्याच्याही नंतर. आधीच बसवलं म्हणाल, तर स्वतःचा पासवर्ड चोरायला माणूस स्वतःच्या यंत्राला हे लावेल का? सर, मी त्या पूजेला नसते आणि कुंकू मानतही नाही. पण या कुंकवाची साक्ष तुम्ही घ्या."

सचिव हुशार माणूस. त्यांनी मॅडमनीच लिहिलेला तो सह्यांचा कागद पुढे सरकवला. "पण मॅडम, नियम तुमचाच. पासवर्ड ही माझी सही."

"माझाच. आणि चुकीचा. पासवर्डवरून पासवर्ड कुणाचा होता एवढंच कळतं. पलीकडे कोण बसलं होतं ते कळत नाही. हे मला माहीत होतं, तरी तुमच्याकडून सही घेताना मी ते लिहिलं नाही. सगळ्यांनी काळजी घ्यावी म्हणून धाक घातला. त्या धाकाने काल एक माणूस संपणार होता."

"मग यंत्रामागे कोण काय लावतं ते बघायची जबाबदारी कुणाची?"

मॅडमना तो प्रश्न कुठे जातोय ते आमच्या आधी कळलं होतं.

"माझी."

"तसं लिहून द्याल?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "त्यांनी परवानगी मागितली होती, आपणच नाकारली." मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकदा मागितली सर. परत मागायला हवी होती. मान दुखावला म्हणून नाही मागितली." आणि पेन घेऊन लिहायला बसल्या. त्या वेळी मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती, असं मला तेव्हा वाटलं. खरं सांगतो, अजूनही कधी कधी वाटतं.

पुढचं लवकर उरकलं. मुलांना वेगवेगळं विचारल्यावर एकाने सांगून टाकलं. त्यांच्याकडून पैसे घेऊन बॅटऱ्यांचं काम बघणाऱ्या माणसाने पूजेच्या आधी साफसफाईच्या गडबडीत तुकडा बसवला होता आणि मिळालेल्या पासवर्डने गुण बदलले होते. देवरे कामावर परत आले. मॅडमना हलगर्जीपणाबद्दल मेमो मिळाला, तो सेवापुस्तकात लागला, आणि विभागप्रमुखपद काढून काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. मॅडम पूर्वीसारख्याच वाकून टेबलाखाली बघत राहिल्या, फक्त आता त्या कंपनीच्या पोराच्या सांगण्यावरून. त्याला त्या 'सर' म्हणत.

मी म्हणालो, अपील करा, मेमो निघून जाईल, मी साक्ष देतो. त्या म्हणाल्या, "त्यात लिहिलंय ते खोटं आहे का?" एवढ्यावर विषय संपवला.

देवरे त्यांच्याशी बोलत नसत. काम असेल तेवढंच, तेही खाली बघून. त्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मॅडमनी त्यांना नियमाच्या हवाली केलं होतं, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मला हे कृतघ्नपणाचं वाटे. मॅडमना मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एक रात्र त्या माणसाने चोर म्हणून काढली सर. माझ्यामुळे. बोलेल तेव्हा बोलेल."

या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. सभागृहात निरोप समारंभ. स्टेजवर मॅडम, पांढरीशुभ्र साडी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. पती आणि मुलगा पहिल्या रांगेत. आमचे प्राचार्य आता कागद बघून बोलत, त्यामुळे कागदावर जे होतं ते त्यांनी वाचलं. "पगारे मॅडमनी या संस्थेत निष्कलंक सेवा केली..."

"निष्कलंक नाही सर," मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या. "एक मेमो आहे. तेवढं दुरुस्त करा."

सभागृह हसलं. प्राचार्यही हसले आणि पुढचं वाक्य शोधू लागले. मॅडमनी हे गमतीने म्हटलं नव्हतं, हे निदान मला कळत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक खुर्ची वाजली. देवरे उभे राहिले होते. हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेले. सगळे मागे वळून बघायला लागले, तसा हशा थांबला. या माणसाने आजवर कुठल्या सभेत तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं.

"तो मेमो मना शे, मॅडम," देवरे म्हणाले. "तुमना नही."

आणि ते खाली बसले. मॅडम काही तरी दुरुस्त करायला म्हणून पुढे झुकल्या. पण या वेळी त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. मांडीवरचा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि चष्म्याखालून पाणी खाली येत होतं ते पुसायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता.